बारावीनंतर थेट अमेरिका: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकेत एम.एस.ला कसं जायचं, हे आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांना माहीत आहे. बारावीनंतर तिथे पदवीला जाण्याची वाट मात्र पुष्कळ वेगळी आहे. त्यामुळे दादाचा किंवा काकांचा एम.एस.चा अनुभव इथे सरसकट लागू पडत नाही. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलीला दहावीला ९४ टक्के आहेत, आता अकरावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या चांगल्या कॉलेजांचा कट-ऑफ किती असतो? (एक पालक, नाशिक)

कट-ऑफ नसतो. आपल्याकडे गुणवत्ता यादी लागते आणि जागा संपल्या की दार बंद होतं. तिथल्या निवडक कॉलेजांत प्रत्येक अर्जाची फाइल माणसं वाचतात. नववी ते बारावीचे गुण, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, शिक्षकांची पत्रं, निबंध आणि शाळेबाहेरचं काम या सगळ्यांचा एकत्र विचार होतो. म्हणून ९४ टक्क्यांवर प्रवेश मिळेल असंही कोणी सांगू शकत नाही आणि मिळणार नाही असंही नाही. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरात पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, आणि नाकारलेल्यांत ९८ टक्केवालेही भरपूर असतात.

एक साधन मात्र फुकट आहे आणि फार थोडे पालक ते उघडतात. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं कागदपत्र प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द एकत्र शोधले की सापडतं. त्यातला सी७ हा तक्ता पाहा. गुण, चाचणी परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम अशा एकेका घटकासमोर खूण असते: अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशीही एक ओळ असते. तिथे 'महत्त्वाचं' असेल तर त्या कॉलेजच्या ऑनलाइन माहितीसत्राला नाव नोंदवून हजर राहणं उपयोगाचं. 'विचारात घेत नाही' असेल तर त्यात वेळ घालवू नये.

यादी आठ-दहा कॉलेजांची पुरते. कॉमन ॲपवर (एकाच अर्जाने अनेक कॉलेजांना अर्ज करण्याचं संकेतस्थळ) वीस जोडता येतात, पण वीस ठिकाणचे पुरवणी निबंध (प्रत्येक कॉलेज वेगळे मागतं ते) चांगले लिहून होत नाहीत. यादीत किमान दोन कॉलेजं अशी हवीत, जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे आणि खर्चही झेपणारा आहे. यातली दुसरी अट विसरली जाते आणि एप्रिलमध्ये हातात पत्र असूनही जाता येत नाही.

आम्ही वर्षाला जास्तीत जास्त ३० लाख रुपये देऊ शकतो. मुलगा हुशार आहे, बाकीची स्कॉलरशिप मिळेल ना? (एक पालक, कोल्हापूर)

पत्रांमधला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

३० लाख म्हणजे साधारण ३३ ते ३५ हजार डॉलर. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा धरून वर्षाचा खर्च आता ८५ हजार डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे वर्षाला ५० हजारांची तूट, आणि तीही चार वर्षं, दरवर्षी वाढणाऱ्या फीसकट. ही तूट दोन प्रकारे भरून निघते.

पहिला प्रकार गरजेनुसार मदत. कॉलेज तुमचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून ठरवतं की हे कुटुंब किती देऊ शकतं. ज्या कॉलेजांत पूर्ण गरज भागवण्याचं धोरण परदेशी विद्यार्थ्यांनाही लागू आहे, तिथे उरलेली रक्कम कॉलेज देतं. यातही एक भेद समजून घ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि ब्राऊन इथे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही, हे प्रवेशाचा निर्णय घेताना पाहत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी पाहतात. तिथे ५० हजारांची मदत मागणाऱ्या मुलाची फाइल, काहीच न मागणाऱ्यापेक्षा बरीच सरस असावी लागते.

हे कळलं की काही पालकांच्या मनात येतं: आत्ता मागायची नाही, प्रवेश झाला की बघू. हे कृपया करू नका. बऱ्याच कॉलेजांचा स्पष्ट नियम असतो की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येणार नाही. दुसऱ्या वर्षी पैसे संपून परत यावं लागलं, तर ते मुलाला फार जड जातं.

दुसरा प्रकार गुणवत्तेवरची स्कॉलरशिप. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठं) ती कुठेच नसते. ती जास्त करून मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजांत आणि काही राज्य विद्यापीठांत असते. काही ठिकाणी अर्जाबरोबर आपोआप विचार होतो, काही ठिकाणी वेगळा अर्ज आणि लवकरची तारीख असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा परदेशी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत देत नाहीत. तुमच्या आकड्यात त्या बसत नाहीत, तेव्हा मुलाच्या यादीत त्या असतील तर आजच बोला.

एखादं कॉलेज परदेशी मुलांना खरोखर किती देतं, हे कॉमन डेटा सेटमधल्या एच६ मध्ये दिसतं. किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, दोन्ही आकडे असतात. सरासरी ६० हजार आणि संख्या बरीच असेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे. सरासरी आठ हजार असेल तर तुमच्यासाठी ते कॉलेज नाही, मग क्रमवारीत ते कितीही वर असो. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो, मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा. तो बहुधा अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा आहे असं लिहिलं असेल तरच त्यावर विसंबा.

मदतीचा अर्ज बहुतांश ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' या फॉर्मवर होतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आकडे रुपयांत भरता येतात. दोन्ही पालकांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६, बँकेची शिल्लक, घर, दुसरा फ्लॅट, शेतजमीन, धंद्याचा ताळेबंद हे सगळं लागतं. मराठीतले उतारे असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. काहीही लपवू नका. विवरणपत्रातला आकडा आणि फॉर्ममधला आकडा जुळला नाही की कार्यालय खुलासा मागतं आणि तोवर फाइल थांबते. आजीच्या उपचारांचा खर्च, धाकट्याची फी, संपलेली नोकरी अशा गोष्टींसाठी फॉर्ममध्ये मोकळी जागा असते. ती रिकामी सोडू नका.

आणि मुलाला तुमचा आकडा सांगा, अकरावीतच. आकडा माहीत असलेला मुलगा स्वतः यादी शहाणपणाने करतो.

मी पुण्यात स्टेट बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीत आहे. इंटिग्रेटेड बॅचमुळे कॉलेजात फारसं जाणं होत नाही. काउन्सेलर नाही. एक सर म्हणाले, 'पत्र तूच लिहून आण, मी सही करतो.' काय करू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

तुझ्यासारखी अडचण महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची आहे, कारण आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते. तिथल्या पद्धतीत नववी ते बारावी ही एकच शाळा धरलेली असते. तेव्हा कागद दोन ठिकाणांहून गोळा करावे लागतील.

आधी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे नववीपासूनच्या गुणांची अधिकृत नोंद. शाळेत जाऊन नववीच्या निकालपत्राची शिक्का-सहीची प्रत घे. दहावीची बोर्डाची गुणपत्रिका तुझ्याकडे असेलच, पण नववीचा कागद हमखास हरवलेला असतो आणि शाळेच्या कार्यालयात तो शोधायला वेळ लागतो. हे काम ऑगस्टच्या आत कर. अकरावीचा निकाल ज्युनिअर कॉलेजकडून. बारावीचे बोर्डाचे गुण मे महिन्याशिवाय येणार नाहीत, म्हणून चाचणी-सहामाहीच्या गुणांवरून कॉलेजने अपेक्षित गुण लेटरहेडवर द्यायचे. टक्क्यांचं ४ पैकी जीपीएमध्ये रूपांतर तू स्वतः करू नकोस. फॉर्ममध्ये १०० ची श्रेणी निवड, किंवा जीपीए नाही असं नोंदव. ७८ टक्के म्हणजे आपल्याकडे काय, हे भारतीय अर्ज वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. चुकीचं रूपांतर मात्र संशय निर्माण करतं.

काउन्सेलर म्हणजे शाळेच्या वतीने कागद पाठवणारा मार्गदर्शक. त्याच्या जागी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक चालतात. त्यांच्या नावाने कॉमन ॲपवर आमंत्रण जातं. त्यांनी स्कूल रिपोर्ट भरायचा, ट्रान्स्क्रिप्ट चढवायची, एक पत्र द्यायचं, आणि एका पानाची कॉलेजची माहिती: बोर्ड कोणतं, वर्गात किती मुलं, कॉलेजात नव्वदच्या वर किती जणांना मिळतात, क्रमांक देतात की नाही. हे पान फार कामाचं असतं, कारण त्यावरून तुझ्या गुणांचं वजन कळतं. फेब्रुवारीच्या सुमाराला मिड-इयर रिपोर्ट (तोवरचे बारावीचे गुण) आणि निकालानंतर फायनल रिपोर्टही त्यांनाच द्यावा लागतो. हे आधीच सांगून ठेव, नाहीतर 'एकदा केलं ना' असं उत्तर मिळतं. ईमेल शक्यतो संस्थेचा हवा. तो नसेल तर पत्र लेटरहेडवर, शिक्का आणि दूरध्वनीसह असावं.

आता सरांचं. पत्र तू लिहायचं नाही. नैतिक कारण तर आहेच, व्यावहारिकही आहे: दोन शिक्षकांची पत्रं आणि तुझा निबंध एकाच हाताचे असले की वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येतं, आणि मग सगळ्याच फाइलवरचा विश्वास जातो. सर तसं म्हणतात ते बहुधा वेळ नसतो आणि काय लिहायचं ते कळत नाही म्हणून. त्यांना एका पानावर मुद्दे दे. 'मी मेहनती आहे' असं नको. 'सहामाहीत ऑरगॅनिकला ४१ होते, तेव्हा मी तुमच्याकडून जुने पेपर घेऊन दर शनिवारी दाखवत होते, वार्षिकला ७९ आले' असं, त्यांनाही आठवेल आणि त्यांच्या समोर घडलं असेल असं. पत्र इंग्रजीत लिहिताना त्यांना अडचण वाटत असेल तर साधी वाक्यं चालतात, हेही सांग. मोठ्या शब्दांचं पत्र लागत नाही.

कॉलेजात जाणंच होत नसेल तर आजपासून एका विषयाचे प्रात्यक्षिकाचे तास तरी चुकवू नकोस. दहावीच्या बाई तुला उत्तम ओळखत असतील तर त्यांचं पत्र जादा म्हणून जोडता येतं, पण मुख्य पत्रं अकरावी-बारावीच्या शिक्षकांचीच लागतात. क्लासचे सर जादा पत्रातच बसतात.

आमंत्रण पाठवण्याआधी फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीचा अमेरिकी कायदा) नावाचा एक पर्याय येतो: पत्रं पुढे पाहण्याचा हक्क सोडतेस का? 'हो' निवड. हक्क राखून ठेवला तर पत्र मोकळेपणाने लिहिलं नसावं अशी शंका येते, आणि आमंत्रण गेलं की ही निवड बदलता येत नाही.

गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आहे. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आलंय. अर्जात काय लिहायचं? (एक विद्यार्थी, सोलापूर)

पासपोर्टवर जसं आहे तसंच, सगळीकडे. एसएटी (प्रवेशाची चाचणी परीक्षा), टोफेल किंवा ड्युओलिंगो (इंग्रजीच्या परीक्षा), कॉमन ॲप, सीएसएस प्रोफाइल, सगळीकडे अक्षरं आणि क्रम एकच. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नाही, असं झालं की संगणक गुण आणि अर्ज जोडत नाही आणि तुझी फाइल अपुरी दाखवतो. गुणपत्रिका बदलायची गरज नाही, प्राचार्यांनी स्कूल रिपोर्टसोबत एका ओळीत क्रमाचा खुलासा करावा. पासपोर्ट नसेल तर अकरावीतच काढ. जन्मतारीखही सगळीकडे ताडून पाहा.

उपक्रमांच्या रकान्यात काय लिहू? माझ्याकडे राष्ट्रीय पातळीचं काही नाही. आणि निबंधाला विषयच सुचत नाही. (एक विद्यार्थी, ठाणे)

राष्ट्रीय पातळीचं काही नसलेली मुलंच जास्त असतात. कॉमन ॲपवर दहा उपक्रम आणि पाच पुरस्कार मावतात, पण सहा खरे उपक्रम दहा ओढूनताणून लिहिलेल्यांपेक्षा बरे. घरच्या दुकानात बसणं, आजारी आजोबांचं करणं, धाकट्या बहिणीला शाळेतून आणणं हेही धरलं जातं. 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा प्रकारच यादीत आहे. आपल्याकडची मुलं तो लाजून सोडून देतात आणि त्याऐवजी दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र लिहितात.

जागा फार कमी: पदाला ५० अक्षरं, संस्थेला १००, वर्णनाला १५०, मोकळ्या जागा धरून. म्हणून शब्द काटकसरीने. 'गणेशोत्सव मंडळात स्वयंसेवक म्हणून काम केले, त्यातून नेतृत्वगुण विकसित झाले' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'दहा दिवसांचा जमाखर्च ठेवला. १४ जणांच्या पाळ्या लावल्या. निर्माल्य वेगळं गोळा करून रोज खताला पोचवलं' असं लिहिलं की मुलगा दिसतो. अर्थात ते इंग्रजीत लिहायचंय, आणि मंडळ म्हणजे काय हे संस्थेच्या रकान्यात दोन-तीन शब्दांत सांगायचंय. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा, एनसीसीचं प्रमाणपत्र, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांचंही तसंच: नुसतं नाव त्यांना समजत नाही, कसली परीक्षा आणि कोणत्या पातळीची ते लिही. बालवैज्ञानिक नववीत दिली असेल तर चालेल, सहावीतली नको. नववीच्या आधीचं काही धरत नाहीत.

तास खरे लिही. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे असे दोन आकडे विचारतात. सगळ्यांची बेरीज शाळेव्यतिरिक्त आठवड्याला साठ तासांवर गेली तर तपासणाऱ्याला ती दिसते.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, सात विषयांपैकी एक, आणि सातवा विषय तर मुक्तच आहे. म्हणजे विषय शोधण्यात महिना घालवायचं कारण नाही. तुझ्या वयाची मुलं बहुधा दोन ठिकाणी चुकतात. एक, थोर माणसाच्या वचनाने सुरुवात आणि शेवटाला 'यातून मी चिकाटी शिकलो'. दुसरं, निबंध आईवर, आजोबांवर किंवा प्रशिक्षकांवर इतका सरकतो की चारशे शब्दांपर्यंत अर्जदार दिसतच नाही. तू काय केलंस, त्या वेळी काय वाटलं, मत कुठे बदललं, एवढं सापडलं तरी निबंध उभा राहतो. पहिला खर्डा हजार शब्दांचा होऊ दे, कापणं सोपं असतं. 'हेच कॉलेज का' अशा पुरवणी प्रश्नाला कॉलेजच्या हवामानाची आणि क्रमवारीची स्तुती पाठवू नकोस. तिथला एखादा अभ्यासक्रम, प्रयोगशाळा किंवा एखादी पद्धत आणि तुझं आजचं काम यांचा दुवा दाखव. एका कॉलेजचं नाव बदलून तोच निबंध दुसऱ्याला गेला आणि मधल्या एका ओळीत जुनं नाव राहिलं, असं दरवर्षी घडतं.

मुलगा जेईईची तयारीही करतोय. दोन्ही जमेल का? आणि अर्ली डिसिजनने प्रवेश सोपा होतो का? (एक आई, नागपूर)

जमतं, पण दिवाळीपर्यंत निबंध संपवले तरच. वेळापत्रक पाहा. कॉमन ॲप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. लवकरच्या फेरीची तारीख बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. नियमित फेरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, लगोलग बारावीची प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारीत लेखी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा निबंध आणि जेईईचे सराव पेपर एकत्र आले की दोन्ही बिघडतात. म्हणून मुख्य निबंध अकरावीच्या उन्हाळी सुटीत, पुरवणी निबंध ऑगस्ट-सप्टेंबरात.

एसएटी ऑगस्टची द्या, ऑक्टोबर हाताशी ठेवा. परीक्षा आता पूर्ण संगणकावर, २ तास १४ मिनिटांची, १६०० गुणांची. जेईई करणाऱ्या मुलाला गणित जड जात नाही. इंग्रजी वाचनाला तीन-चार महिने लागतात. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन, कॅलटेक यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ गुण दिले तरी प्रवेशासाठी पाहत नाही. बाकीच्यांचे नियम त्या त्या वर्षीचे पाहा, मागच्या वर्षीच्या मुलावरून ठरवू नका.

अर्ली डिसिजन म्हणजे करार. एकाच कॉलेजला करता येतो, विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात, आणि प्रवेश मिळाला की बाकी सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. डिसेंबरच्या मध्याला निकाल. प्रवेशाचं प्रमाण या फेरीत जास्त दिसतं हे खरं, पण त्यात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही मोजलेली असतात, म्हणून तो सगळा फरक तुमच्या मुलाच्या वाट्याला येईल असं धरू नका. शिवाय वेगवेगळ्या कॉलेजांनी देऊ केलेली मदत शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी जाते. मिळालेली मदत खरंच अपुरी असेल तर करारातून सुटता येतं, पण ते कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं. पैशाचा प्रश्न असलेल्या घरांना आमचा सल्ला अर्ली ॲक्शनचा. त्यात निकाल लवकर, बंधन नाही आणि १ मेपर्यंत विचार करायला मोकळीक. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची अर्ली फेरी बंधनकारक नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठाला लवकर अर्ज करू देत नाहीत.

एक सल्लागार 'निबंधासकट सगळं आम्ही बघतो' म्हणतात. घ्यावं का? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

निबंधासकट म्हणत असतील तर नाही. अर्जाच्या शेवटी मुलगा सही करतो की मजकूर त्याचा स्वतःचा आहे. कॉमन ॲपच्या नियमांत एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हीही फसवणूक धरली आहे. पकडलं गेलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि तो सल्लागाराचा नाही, मुलाचा जातो.

मदत घ्यायचीच तर दोन प्रश्न विचारा: तुम्हाला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का, आणि अर्जाचा पासवर्ड कोणाकडे राहील? कमिशन मिळत असेल तर त्यांची यादी त्या विद्यापीठांकडे झुकणार. पासवर्ड आणि ईमेल मुलाच्याच हातात हवेत. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयात 'एज्युकेशन यूएसए' केंद्र आहे. ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या जाळ्यातलं आहे आणि कोणत्याही एका कॉलेजची बाजू घेत नाही. पैसे भरण्याआधी तिथे विचारा.

आम्ही एच-१बीवर अमेरिकेत आहोत. मोठा मुलगा एच-४वर (आमच्यावर अवलंबितांचा व्हिसा), अकरावीत. धाकटी इथेच जन्मलेली, नववीत. फॅफ्सा (अमेरिकी केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) दोघांना लागू होतो का? (एक आई, अमेरिका)

धाकटीला होतो, मोठ्याला नाही. फॅफ्साची पात्रता विद्यार्थ्याच्या दर्जावर ठरते, पालकांच्या नाही. मुलगी नागरिक असल्याने तुमचा व्हिसा आड येत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी पालक म्हणून खातं उघडता येतं.

मुलाला केंद्राची मदत आणि केंद्राचं कर्ज दोन्ही नाही. कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून मात्र मिळू शकतं, परदेशी अर्जदाराच्या नियमांनी. राज्य विद्यापीठात त्याला राज्यातल्या रहिवाशाची फी लागेल का, हे राज्यागणिक बदलतं, तेव्हा प्रवेश कार्यालयाला न विचारता विद्यापीठाच्या रेसिडेन्सी विभागाला लेखी विचारा. आणि २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो. ग्रीन कार्ड तोवर हाती नसेल तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो, आणि काही राज्यांत त्याबरोबर रहिवासी फीची सवलत जाते. तिसऱ्या वर्षी फी एकदम दुप्पट-तिप्पट झाली तर काय, याचा हिशेब आत्ताच वकिलाशी बोलून करा.

तुम्ही दोघं एम.एस.साठी तिथे गेला असाल तर तिथलं हायस्कूल तुम्हालाही नवं असेल, म्हणून आणखी एक गोष्ट. तिथल्या हायस्कूलमध्ये शिक्षकांची पत्रं अकरावीचं वर्ष संपण्याआधी, मे महिन्यातच मागतात. सप्टेंबरात लोकप्रिय शिक्षकांचा कोटा भरलेला असतो. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, तेव्हा मुलाने स्वतः वेळ घेऊन दोनदा तरी भेटायला हवं. आईने केलेला ईमेल त्या भेटीची जागा घेत नाही.

अर्ज भरला, पैसे कापले गेले, तरी कॉलेज म्हणतं अर्ज आला नाही! (एक विद्यार्थिनी, मुंबई)

पैसे भरल्यावर आणखी एक 'सबमिट'चं पान येतं, आणि तिथे बटण दाबलं नसेल तर अर्ज जातच नाही. ते दाबल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव दिसतो. तो दिसला नसेल तर परत आत जाऊन पाहा. काही कॉलेजांची निबंधांची पुरवणी वेगळी सबमिट करावी लागते, तीही तपास. कार्ड चालत नसेल तर नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते आदल्या दिवशीच सुरू करून ठेव.

कॉमन ॲपवरची अंतिम वेळ तुझ्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९ ची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आणि त्याची वेळ पॅसिफिक प्रमाणवेळेची. अर्ज गेल्यावर काही दिवसांत कॉलेज पोर्टलचा दुवा ईमेलने पाठवतं, तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो. पोर्टलवर 'शिक्षकाचं पत्र आलं नाही' असं दिसलं तर घाबरू नकोस. अर्जांच्या गर्दीत कागद जोडायला एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतरही तसंच असेल तर प्राचार्यांकडून पाठवल्याची तारीख घेऊन कॉलेजला नम्र ईमेल कर.

दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, एका ठिकाणी वेटलिस्ट. बोर्डाचे पेपरही झालेत. आता काय? (एक पालक, अमरावती)

१ मेपर्यंत एकाच कॉलेजला होकार आणि अनामत. दोन्हीकडे पैसे भरून वाट पाहणं नियमाविरुद्ध आहे आणि दोन्ही जागा जाऊ शकतात. वेटलिस्टवर राहायचं असेल तर तसं कळवा आणि एका पानाचं पत्र पाठवा: अर्जानंतर काय नवं घडलं आणि जागा मिळाली तर नक्की येणार का. पण अनामत दुसरीकडे भरूनच. किती जण वेटलिस्टवर होते आणि किती घेतले, ते कॉमन डेटा सेटच्या सी२ मध्ये दिसतं. काही वर्षी तो आकडा शून्य असतो.

बोर्डाचा निकाल अपेक्षित गुणांपेक्षा पाच-सात टक्के कमी आला तर सहसा काही होत नाही. वीस टक्क्यांनी घसरला तर कॉलेज खुलासा मागतं, आणि प्रवेश काढूनही घेऊ शकतं. तसं दिसताच त्यांच्या पत्राची वाट न पाहता मुलाने स्वतः कारण कळवावं. दरम्यान बँकेची पत्रं तयार ठेवा. पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम दाखवल्याशिवाय आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) मिळत नाही, आणि आय-२० शिवाय सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर भरता येत नाहीत, की व्हिसाच्या मुलाखतीलाही जाता येत नाही. मुदत ठेवी मोडायच्या असतील, कर्ज मंजूर करून घ्यायचं असेल तर ते एप्रिलमध्येच सुरू करा. जूनमध्ये मुलाखतीच्या तारखा मिळेनाशा होतात.